पगार समक्ष

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या, म्हणजे २३ नोव्हेंबरच्या अंकात छोट्या जाहिरातींच्या पानावर ‘पाहिजेत’ या सदरात एक जाहिरात होती. ‘मुलुंड येथील इंग्रजी माध्यम शाळेसाठी गणित-विज्ञान शिक्षिका त्वरित पाहिजे. बी.एससी., बी.एड., टीईटी/सीटीईटी उत्तीर्णांस प्राधान्य. अस्खलित इंग्रजी आवश्यक. पगार समक्ष.’ खाली मोबाइल नंबर. तिच्या वर टेम्पो ड्रायव्हर पाहिजे होता, पगार २२,००० अधिक भत्ता. तिच्या खाली एका आजोबांना सांभाळायला बारा तासांचा माणूस हवा होता, पगार २०,००० आणि दोन वेळचे जेवण. मी पूर्ण सदर पेन्सिल घेऊन वाचले. चौदा जाहिराती होत्या. त्यातल्या अकरांत पगाराचा आकडा होता. ‘समक्ष’ तीन ठिकाणी होते आणि त्या तिन्ही जाहिराती शिक्षिकांच्या होत्या.

ही सवय मला जुनी आहे. २००९ साली बी.एड. झाले तेव्हापासून रविवारचा पेपर मी मागच्या पानांकडून उघडते. सोळा वर्षांत या सदरातले बरेच काही बदलले. टायपिस्ट गेले, पोळीवाल्या बायका आल्या, डिलिव्हरीची मुले आली. ‘पगार समक्ष’ तेवढे जागच्या जागी आहे. म्हणून हे पत्र शिक्षणमंत्र्यांना न लिहिता तुम्हाला लिहिते आहे. मंत्र्यांना लिहिलेल्या पत्रांच्या पोचपावत्यांची माझ्याकडे एक फाइल आहे, ती राहू दे.

या वेळी तो मोबाइल नंबर ओळखीचा निघाला. मी जिथे शिकवते त्याच शाळेच्या ऑफिसचा. आमची एक मैत्रीण दिवाळीच्या सुट्टीनंतर आलीच नाही. ठाण्याच्या एका क्लासने तिला तासाला चाळीस रुपये जास्त देऊ केले होते. तिची ही जागा. म्हणजे समक्ष गेल्यावर काय आकडा ऐकायला मिळेल, ते मला आधीच माहीत आहे, कारण साधारण तोच मी घेते. शाळेचे नाव लिहीत नाही आणि माझेही छापू नका, याचे कारण पुढे येईलच.

आधी ‘समक्ष’ म्हणजे काय ते सांगते. मी आतापर्यंत अकरा ठिकाणी समक्ष गेले आहे. केबिनमध्ये मुख्याध्यापिका असतात, पण बोलतात ट्रस्टी. फाइल उघडून मार्कलिस्टा बघतात, ‘मॅथ्स? गुड’ म्हणतात. मग एक धडा शिकवायला लावतात, तोही खऱ्या वर्गावर, म्हणजे त्या दिवशीचा गैरहजर बाईंचा एक तास फुकटात निघतो. नंतर पुन्हा केबिनमध्ये. ‘मॅडम, तुमची अपेक्षा काय?’ मी पहिल्यांदा खरे बोलले होते. ट्रस्टी हसले आणि त्यांनी टेबलाखालच्या कप्प्यातून अर्जांचा गठ्ठा वर काढून नुसता ठेवला. एक शब्द बोलले नाहीत. साठ-सत्तर तरी असतील. मग पुढचा प्रश्न, जो अकराच्या अकरा ठिकाणी मला विचारला गेला. ‘मिस्टर काय करतात?’

माझे मिस्टर एका खासगी कुरिअर कंपनीत सुपरवायझर आहेत. हे सांगितले की समोरच्याच्या चेहऱ्यावर एक निवांतपणा येतो. घरात कमावता माणूस आहे, म्हणजे हिचा पगार वरखर्चाला. ‘तुमचं काय, घरचं बघून होईल, अर्ध्या दिवसाची तर शाळा’ असे मला एका बाईमाणसानेच सांगितले आहे. टेम्पो ड्रायव्हरला कुणी विचारत असेल का, की तुमच्या मिसेस काय करतात, त्यावरून आम्ही पगार ठरवू?

आता माझा अर्धा दिवस. सकाळी सहा बावीसची गाडी, भांडुपहून मुलुंड, मध्ये एक नाहूर. सात ते एक शाळा. आठवड्याला बत्तीस तास, शिवाय कुणी रजेवर असेल तर ऑफ तासाला प्रॉक्सी. घरी येऊन जेवण, चार मुलांची शिकवणी, त्यातली दोन चाळीतलीच. साडेपाच ते साडेसात क्लास, तासाला २५० रुपये. रात्री वह्या आणि दुसऱ्या दिवसाचे टाचण. शाळेचे पंधरा हजार, क्लासचे साधारण अकरा, शिकवणीचे सहा. बत्तीस हजार. तेही अकराच महिने, कारण एप्रिलअखेर आम्ही ‘राजीनामा’ देतो आणि जूनमध्ये नव्याने ‘रुजू’ होतो. शासनमान्य अनुदानित माध्यमिक शाळेतल्या माझ्याच अर्हतेच्या शिक्षकाची वेतनश्रेणी मूळ ३८,६०० पासून सुरू होते, महागाई भत्ता आणि घरभाडे त्यावर. मला बेरोजगार म्हणता येत नाही, हे खरेच. जिल्हा रोजगार केंद्रात नाव होते ते मी नूतनीकरण न केल्याने कधीच गळाले असणार. पण साडेनऊ तास शिकवून जिला एका नोकरीचा पगार मिळत नाही, तिला काय म्हणायचे?

क्लासवाल्यांबद्दल पेपरात वाईट छापून येते, त्यातले पुष्कळ खरेही आहे. पण क्लासचा दर त्यांनी पहिल्या फोनवर सांगितला होता. आणि २०२० मध्ये लॉकडाऊनला शाळेने आधी अर्धा पगार केला, मग ‘ऑनलाइनला एवढ्या शिक्षिका लागत नाहीत’ म्हणून आम्हा सात जणींना थांबवले, तेव्हा मी कांजूरमार्गला नात्यातल्या एका काकूंच्या पोळी-भाजी केंद्रावर चार महिने पोळ्या लाटल्या. तिथे भिंतीवर खडूने लिहिलेले होते, पोळी दीड रुपया, भाकरी अडीच. रात्री हिशेब, रात्री पैसे. या कामाची लाज वाटली नाही. खडूने लिहिलेला तो दर मात्र डोक्यात राहिला, कारण खडू रोज माझ्या हातात असायचा आणि माझा दर कुठल्याच भिंतीवर नव्हता.

साठ अर्ज कुठून येतात, हे मी सांगायला नको, पण तरुण वाचकांसाठी दोन ओळी. या राज्यात डी.एड., बी.एड. कॉलेजांना खिरापतीसारख्या परवानग्या दिल्या गेल्या. गावोगावच्या आईबापांनी ‘पोरगी मास्तरीण होईल’ म्हणून फिया भरल्या. मग ऑक्टोबर २०११ मध्ये पटपडताळणी झाली, हजेरीपटावर नावे असलेली पण प्रत्यक्षात नसलेली मुले सापडली, आणि २ मे २०१२ च्या शासन निर्णयाने शिक्षकभरतीच थांबवली. बोगस मुले दाखवली संस्थाचालकांनी आणि दार बंद झाले ते माझ्यासारख्यांच्या तोंडावर. मी तेव्हा भांडुपच्याच एका अनुदानित मराठी शाळेत रजेच्या जागेवर शिकवत होते. निवृत्तीने एक जागा रिकामी होणार होती आणि मुख्याध्यापक म्हणत होते, ‘बाई, तुमची वैयक्तिक मान्यता यायचीच बाकी आहे.’ संस्थेच्या एका सभासदाने मान्यतेच्या आधी सात लाख ‘शाळेसाठी’ हवेत असेही सुचवले होते. वडील तेव्हा नुकतेच कंपनी बंद पडून घरी बसले होते. पैसे नव्हते, आणि महिन्याभरात जागाही नव्हती. आज मागे वळून बघताना वाटते, बरे झाले नव्हते ते. दिले असते तर तेही बुडाले असते.

पुढे टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, आली. पहिली १५ डिसेंबर २०१३ ला झाली, मी दुसऱ्या वर्षी पास झाले. प्रमाणपत्र सात वर्षांचे होते. ते संपायच्या सुमारास केंद्राने ते आजन्म केले, एवढे एक शासनाने मला न मागता दिले आहे. टीईटी पास म्हणजे नोकरी नव्हे, तर नोकरीसाठीच्या परीक्षेला बसायची परवानगी. ती परीक्षा म्हणजे ‘टेट’, अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी, दोन तास, दोनशे प्रश्न. ती झाली डिसेंबर २०१७ मध्ये. पुन्हा २०२३ मध्ये. पुन्हा यंदा मे-जूनमध्ये. आठ वर्षांत तीन वेळा. मी तिन्ही दिल्या. मधल्या काळात, जानेवारी २०२० च्या टीईटीत पैसे घेऊन मार्क वाढवल्याचे उघड झाले, ७,८०० हून अधिक उमेदवार त्यात निघाले आणि त्या परीक्षा चालवणाऱ्या परिषदेच्या आयुक्तांनाच पोलिसांनी पकडले. त्या दिवशी शाळेत एक ट्रस्टी मला गमतीने म्हणाले, ‘मॅडम, तुमची टीईटी ओरिजिनल आहे ना?’ मी हसले. समोर पगाराचे पाकीट होते.

वय मात्र परीक्षेची वाट बघत नाही. मी कुणबी, इतर मागासवर्गात, म्हणून माझी मर्यादा ४३ आहे आणि मी ३९ ची. माझ्याबरोबर बी.एड. झालेली, माझ्यापेक्षा हुशार मैत्रीण खुल्या गटातली. तिची ३८ होती, ती एका वाढदिवसाला संपली. आता ती डोंबिवलीत साड्यांना फॉल-पिको करते आणि मुलांच्या अभ्यासाबद्दल कुणी विचारले तर विषय बदलते. आमच्या बॅचमधले मुलगे तर केव्हाच गेले. कुणी विमा विकतो, कुणी रिकव्हरीत आहे, एक सोलापूरचा कळव्याला खोली घेऊन राहतो, दिवसा इस्टेट एजंटकडे आणि संध्याकाळी एका रात्रशाळेत तासिका तत्त्वावर. त्याचे लग्न ठरत नाही. मुलीकडचे ‘परमनंट का?’ एवढेच विचारतात, आणि त्याला खोटे बोलता येत नाही. गणिताचा माणूस आहे.

एक गंमत सांगते. गेले दोन महिने माझ्याकडे एक विद्यार्थिनी होती, वय ४७. शेजारच्या बिल्डिंगमधल्या, अनुदानित शाळेत बावीस वर्षे नोकरी झालेल्या बाई. सुप्रीम कोर्टाने १ सप्टेंबरला निकाल दिला, की ज्यांची पाच वर्षांपेक्षा जास्त नोकरी उरली आहे त्या शिक्षकांनीही दोन वर्षांत टीईटी पास व्हायला हवे. बाई हादरल्या. आठवड्यातून तीन दिवस रात्री नऊला येऊन त्या माझ्या ओट्याशेजारी बसून पियाजे आणि वायगॉट्स्की या मानसशास्त्रज्ञांचे सिद्धांत पाठ करायच्या. मी कुकरची शिटी मोजता मोजता त्यांना संज्ञानात्मक विकासाच्या अवस्था विचारायची. त्या माझ्या पाचपटीहून जास्त पगार घेतात आणि त्यांच्याबद्दल मला राग यायला हवा होता. पण चाचणीत तीसपैकी अकरा मार्क पडले तेव्हा त्यांचे डोळे भरून आले, आणि मला त्यांच्या बावीस वर्षांतली सगळी मुले डोळ्यासमोर आली. ‘बाई, मी वाईट शिकवते का हो?’ म्हणाल्या. नाही, त्या वाईट शिकवत नाहीत. भांडुपमध्ये त्यांच्या हाताखालून गेलेली निम्मी मुले मला माहीत आहेत. २३ तारखेला, म्हणजे ती जाहिरात आली त्याच रविवारी, त्या परीक्षेला गेल्या. फी म्हणून महिन्याला अडीच हजार द्यायच्या, पाकिटात, वर ‘सौ. बाईंना’ लिहून. नोकरीत असलेल्या शिक्षिकेला नोकरीत राहण्यासाठी नोकरी नसलेल्या शिक्षिकेने शिकवायचे, असा हा आमचा धंदा.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते.

माझ्या बँकेच्या खात्यात दर महिन्याच्या सात तारखेला ३१,४०० रुपये जमा होतात. आठ तारखेला मी एटीएममधून १६,४०० काढते. पाकीट ऑफिसात नेऊन देते. तिथला कारकून एका लांबट वहीत माझ्या नावापुढे टिकमार्क करतो. पावती नाही. पूर्वी आमची एटीएम कार्डेच ऑफिसच्या कपाटात असायची. आता काळ बदलला, आमच्यावर विश्वास टाकला आहे. एखादीने एक महिना पाकीट दिले नाही, तर काय होते ते एकदा पाहिले आहे. पुढच्या जूनमध्ये ती ‘रुजू’ झाली नाही, एवढेच.

ही गोष्ट शिक्षण खात्यात कुणाला ठाऊक नसेल, असे मला वाटत नाही. शिक्षक भेटले की एकमेकांना ‘तुमच्याकडे परत किती?’ असे सरळ विचारतात, जसे ‘तुमच्याकडे पाणी किती वाजता येतं?’ विचारावे. मला धक्का बसला तो निराळ्या ठिकाणी.

महाराष्ट्रात २०११ चा शुल्क विनियमनाचा कायदा आहे. त्यानुसार शाळेने फीवाढीचा प्रस्ताव पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीपुढे ठेवायचा असतो. फी ठरवताना ज्या गोष्टी बघायच्या त्यांत अर्हताप्राप्त शिक्षक आणि त्यांचे वेतन हीही एक आहे. या समितीत दर इयत्तेचा एक पालक आणि एक शिक्षक असतो. दोन वर्षांपूर्वी ती पाळी माझ्यावर आली. शनिवारची दुपार होती, वडापाव आणि चहा होता, आणि प्रत्येकापुढे खर्चाचा तक्ता होता. अठरा शिक्षिकांची नावे, त्यांपुढे आकडे. माझ्या नावापुढे बँकेत येतो तोच. एका मुलीचे वडील बँकेत आहेत. त्यांनी चष्मा वर करून विचारले, ‘पगारावरचा खर्च बराच दिसतोय.’ ट्रस्टी म्हणाले, ‘चांगला टीचर हवा असेल तर पैसे मोजावे लागतात, साहेब. आम्ही तिथं काटकसर करत नाही.’ सगळ्या पालकांनी माझ्याकडे पाहिले. कौतुकाने पाहिले. एक आई तर हसून मान हलवून गेली, की बरे झाले बाई, तुम्हाला नीट मिळते.

मी गणिताची. अजेंड्याच्या मागच्या कोऱ्या बाजूवर हिशेब केला. सगळ्यांचे ‘परत’ सारखे नसते, पण माझेच धरले तर १६,४०० गुणिले अठरा गुणिले अकरा. साडेबत्तीस लाखांच्या आसपास. फीवाढ होती मुलामागे ४,८०० आणि मुले सातशे, म्हणजे ३३ लाख ६० हजार. फार फरक नाही. पालकांकडून शिक्षकांच्या नावाने घ्यायचे आणि शिक्षकांकडून पाकिटात परत घ्यायचे, असे ते साधे दोन ओळींचे समीकरण होते, आठवीच्या मुलालाही सुटेल.

मी गप्प बसले. नुसती गप्प नाही, इतिवृत्तावर सहीही केली.

का केली? माझी मुलगी त्याच शाळेत आहे, तेव्हा सहावीत होती, आता आठवीत. तिची निम्मी फी माफ आहे. ‘स्टाफ कन्सेशन’. हे पाकिटापेक्षा पक्के कुलूप आहे. इथे मला स्वतःबद्दलही लिहायला हवे, नाहीतर हे पत्र फारच स्वच्छ होईल. भांडुपच्या ज्या मराठी शाळेत मी रजेच्या जागेवर शिकवत होते, तिथे तेव्हा नववीच्या दोन तुकड्या होत्या, एकेकीत चाळीसच्या वर मुले. मागच्या वर्षी सहज गेले होते. एक तुकडी, कॅटलॉगवर एकोणीस नावे. शिक्षकांच्या जागा पटावर ठरतात. पट घसरला की संचमान्यतेत पदे कमी होतात, शिक्षक अतिरिक्त ठरतो, त्याचे दुसऱ्या शाळेत समायोजन होते, आणि नव्याला जागा उरत नाही. मी सोळा वर्षे ज्या जागेची वाट बघते आहे, ती जागा तयार व्हायला पस्तीसेक मुले लागतात. त्यातली एक माझी होती आणि मी तिला मुलुंडला नेली. २०१८ साली मी हे केले तेव्हा सगळ्यांनी शहाणपणाचे म्हटले. दोन-अडीच वर्षांनी बातमी वाचली, की शासनाच्या शिक्षकभरतीच्या पवित्र पोर्टलवरून निवड झालेल्या शंभराच्या आसपास उमेदवारांना मुंबई महापालिकेच्या इंग्रजी शाळांत घेत नाहीत, कारण त्यांचे शालेय शिक्षण मराठीतून झाले आहे, आणि ती मुले आझाद मैदानात बसली आहेत. मनात पहिला विचार आला, बरे झाले मुलीला इंग्रजीत घातली. दुसरा विचार यायला रात्र जावी लागली. मीही मराठी शाळेतली आहे, आणि त्या मैदानातल्या माणसांच्या बाजूने उभे राहायचे सोडून मी मुलीच्या बाजूने बघत होते.

सरकारकडे मागण्यासारखे आहे, ते संघटना मागतच असतात. अभियोग्यता चाचणी दरवर्षी ठरल्या महिन्यात घ्या, रिकाम्या जागांचा आकडा त्याच दिवशी जाहीर करा, वगैरे. या जुलैत अंशतः अनुदानित शाळांचे शिक्षक भर पावसात आझाद मैदानात होते, त्यांच्या अनुदानाच्या वाढीव टप्प्याचे पैसे मागत. मी एक दिवस जाऊन बसले, माझा त्यात काही संबंध नसताना. पण सरकारबद्दल एक गोष्ट मान्य करावी लागते. गेल्या वर्षी ५ सप्टेंबरला, बरोबर शिक्षकदिनी, सरकारने कमी पटाच्या शाळांत कंत्राटी शिक्षक नेमण्याचा निर्णय काढला, महिना १५,००० रुपयांवर. संतापजनकच होते ते. त्याच्या आदल्या वर्षी शिक्षणसेवकांचे, म्हणजे नोकरीच्या पहिल्या तीन वर्षांतल्या शिक्षकांचे, मानधन ६, ८ आणि ९ हजारांवरून १६, १८ आणि २० हजार केले. तेही मुंबईत राहणाऱ्याला पुरेसे नाही. पण आकडा छापला. छापला म्हणून लोकांना तो कमी आहे असे म्हणता आले, न्यायालयात नेता आला, त्यावरून मोर्चा काढता आला. माझ्या पंधरा हजारांवर मोर्चा निघू शकत नाही, कारण ते कुठेच लिहिलेले नाहीत. लिहिलेले आहेत ते ३१,४००.

म्हणून संपादक महाशय, तुम्हाला विनंती एवढीच. शिक्षक पाहिजेत अशी जाहिरात आकड्याशिवाय घेऊ नका. तुमचा पेपर दर पाच सप्टेंबरला गुरुजनांवर पुरवणी काढतो, मीही ती जपून ठेवते, एका वर्षी माझ्या मुख्याध्यापकांचा फोटो होता. त्या पुरवणीपेक्षा आम्हाला हे जास्त उपयोगी पडेल. आकडा छापला तर ती शाळा तो देईलच असे नाही, हे मला कळते. ती ‘२५,०००’ छापून आत दहा परत मागेल. पण मग मुलुंडच्या एखाद्या पालकाच्या हातात तुमचा अंक असेल, शाळेचा खर्चाचा तक्ता असेल, आणि समोर मी असेन. तीन आकडे जुळतात का, एवढे तरी कुणी विचारू शकेल. पुढच्या वेळी अशा बैठकीला बसलात आणि शिक्षिकांच्या नावांचा तक्ता पुढे आला, तर पालकहो, एवढेच विचारा की बाई, हातात किती पडतात? ट्रस्टींच्या समोर नको. फाटकाबाहेर, भाजी घेताना विचारा. मी सांगेन.

तुमच्या कार्यालयात मी सोमवारी शाळा सुटल्यावर फोन केला होता, जाहिरात द्यायची आहे असे सांगून. छोट्या जाहिरातीचे पैसे शब्दांवर लागतात म्हणाले. मी त्यांना विचारले, ‘पगार समक्ष’चे दोन शब्द, आणि ‘पगार १५,०००’ लिहिले तर? ते म्हणाले, ‘आकडा एक शब्द धरतो आम्ही, मॅडम. तेवढेच.’

आपली,
एक शिक्षिका, भांडुप (पश्चिम)
२७ नोव्हेंबर २०२५

(नाव, पत्ता आणि शाळेचे नाव वेगळ्या कागदावर जोडले आहे. कृपया प्रसिद्ध करू नये. मुलीची आठवी अजून व्हायची आहे.)